सदतीस अंश

तंजावूरच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत श्रीलक्ष्मी भाताच्या तुसांपासून टाइल बनवायची. तुसं जाळून मिळालेली पांढरी राख, तिचा लगदा, साचा, मग भट्टी. अवकाशातून परतणारं यान हवेत शिरताना भयंकर तापतं. त्याच्या अंगावर लावायची टाइल अशी हवी, की पुढून रसरसली तरी मागून हात ठेवता यावा.

यंदाची तुसं तिच्या वडिलांच्या, अप्पाजींच्या, तिरुवैयारुच्या शेतातली होती. बाकीच्या टाइल ज्योतीखाली तडकल्या. एकच टिकली.

तिचा पुढचा भाग पांढराशुभ्र तापला, आणि मागे चिकटवलेली, तापमान मोजणारी थर्मोकपलची तार सदतीस अंश दाखवत राहिली. ज्योत विझवली. सदतीस. जेवणाच्या सुट्टीभर टाइल एसीच्या गारव्यात ठेवली. सदतीस.

श्रीलक्ष्मीने तार बदलली, मग यंत्र बदललं. शेवटी तळहात ठेवला. टाइल कोमट होती. झोपलेल्या माणसाच्या पाठीसारखी.

गुरुवारी दुपारी आकडा एकोणचाळीसवर गेला.

"विटेला ताप आलाय," प्रयोगशाळेचे प्रमुख भरद्वाज हसले. "पॅरासिटामॉल दे गे तिला."

तेवढ्यात घरून बहिणीचा, वरलक्ष्मीचा फोन आला. अप्पाजी तापाने फणफणले होते.

"किती आहे?"

"एकशे दोन पॉइंट दोन."

श्रीलक्ष्मीने मनातल्या मनात फॅरनहाइटचं सेल्सिअस केलं. एकोणचाळीस.

योगायोग, तिने स्वतःला बजावलं. पण दुसऱ्या दिवशी ती सारखी घरी फोन करत राहिली. अप्पाजी वैतागले. "काय गे, मी काय तुझी भट्टी आहे? मोजते काय सारखं?" तरी थर्मामीटर तोंडात धरला. त्यांचा ताप उतरत होता. टाइलही उतरत होती. सोमवारी दोघंही सदतीसवर आली.

सोमवारीच भरद्वाजांनी कापायचं यंत्र लावलं.

"उद्या प्रकल्प तपासायला समिती येतेय. आतली रचना दाखवावी लागेल. मधोमध कापू."

"नको, सर."

"का?"

टाइल आणि अप्पाजी एकत्र तापतात, असं एखादा विद्यार्थी बोलला असता, तर तिनेच त्याला घरी जाऊन झोप म्हटलं असतं.

"दुसरी बनवते. महिनाभरात."

"तोवर प्रकल्प बंद पडेल, श्रीलक्ष्मी. एक कारण दे. मी यंत्र बंद करतो."

चकतीवर पाणी सुरू झालं. चकती फिरू लागली.

"सरी, ठीक आहे," ती म्हणाली. "कापा."

आणि ती पळत सुटली.

ऑटोतून तिने घरी फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. नुसतीच घंटी.

दारात पोचली तेव्हा भरद्वाजांचा मेसेज आला. 'कापली. आतून सुरेख. आता गार आहे.'

वीज गेली होती. वरलक्ष्मी पदराने गळ्याचा घाम टिपत होती. खिडकीपाशी अप्पाजी ताठ बसले होते.

"अय्यो, इतक्या लवकर?" ते खुशीत म्हणाले. "ये, बैस. आज फार बरं वाटतं गे. उकाडा म्हणून नाही."

ती त्यांच्या शेजारी बसली. तिला रडूच आलं.

"रडते काय? कापी घे." अप्पाजींनी आपला कॉफीचा पेला उचलला.

कढत कापीची वाफ वर आली, त्यांच्या बोटांना लागली, आणि थंड काचेवर साचावी तशी तिथे साचून, थेंबाथेंबाने मनगटावरून ओघळू लागली.