जमीन म्हणजे शून्य

आमचा जिना बैठकीच्या खोलीतूनच वर जातो आणि त्याच्या पायथ्याशी मुलाचं टेबल आहे. त्याने परकी चलनं आपोआप घेणारा-विकणारा प्रोग्राम लिहिला होता. महिन्याअखेर नफा दिसला तर तो घरूनच काम करणार होता. नाहीतर लांबच्या शहरातली नोकरी धरून तो, सून आणि नात अशी तिघंही जाणार होती. सुनेने रिकामी खोकी आणली होती, पण त्यांत साधा चमचा टाकायला तिचा हात उठत नव्हता.

नात चिंगी दुसरीत. पडद्यावरच्या रेघा कसल्या, तिने मला विचारलं. लहान मुलांना तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला आणखी काय हवं? तिला पहिल्या पायरीवर उभं केलं. ही खरेदीची किंमत. दोन पायऱ्या वर गेलीस की टार्गेट: चाळीस पॉइंट कमावले, सौदा बंद. एक पायरी उतरून जमिनीवर आलीस की स्टॉप लॉस: वीस गेले, तिथेच थांबायचं. तेव्हापासून घरात स्टॉप लॉसला सगळे 'जमीन'च म्हणू लागले.

पहिले दोन आठवडे तोट्यात गेले होते. आता शाळेतून आली की चिंगी जिन्यात उड्या मारायची. आधी ती वर पोचायची, मग टार्गेट लागायचं. असं ओळीने अकरा वेळा झालं आणि जेमतेम नफा दिसला. पोरीला पगार सुरू करायला हवा, असं मुलगा म्हणाला. मी वहीत शक्यता काढून पाहिली: पावणेदोन लाखांत एक. वही मिटून मीही हसून घेतलं.

शेवटच्या दुपारी वीज जाऊन आली. मुलगा बाहेर होता. त्याचा फोन आला.

"बाबा, प्रोग्राम तुम्हीच चालू करा. टार्गेट चाळीस, जमीन रोजचीच."

जमीन म्हणजे शून्य. आयुष्यभर हेच शिकवलं. चौकटीत शून्य भरलं. तिथे शून्य म्हणजे स्टॉप लॉसच नाही, हे मला नंतर कळलं.

चिंगी पहिल्या पायरीवर उभी राहिली. किंमत घसरली. ती जमिनीवर उतरली. वीस गेले.

सौदा बंद झाला नाही. चाळीस. साठ. सगळा नफा संपला.

"आजोबा, अजून खाली जायचंय," म्हणत तिने, फरशीतच पायरी असल्यासारखं, पाऊल खाली टाकलं. मग आणखी एक.

तिचं डोकं माझ्या कोपराला लागतं. आता ते गुडघ्याशी होतं.

पडद्यावर शंभर.

मी तिचा हात धरला. गार होता.

"चल बाळा, वर. सावकाश."

ती एकेक पाऊल वर आली. मागोमाग आकडे आले. फरशी. पहिली पायरी. दुसरी.

तिसरी.

टार्गेट.

मग नुसता गोंधळ. मुलगा रस्त्यातूनच ओरडत आला, सुनेने खोकी अंगणात भिरकावली आणि चिंगीने त्यांवर नाचून त्यांचा पार चुराडा केला. गणिताच्या मास्तरांनी शून्यात मार खाल्ला म्हणून मुलाने मला पोटभर चिडवलं. कोणी कुठे जाणार नव्हतं.

संध्याकाळी चिंगी अभ्यासाला बसली. वहीत तिने ओळीने लिहिलं होतं: उणे एक, उणे दोन, उणे तीन, उणे चार. हे मी तिला अजून शिकवलं नव्हतं. दुसरीत शिकवतही नाहीत.

"हे कोणी शिकवलं गं?"

"खालच्या सरांनी," ती मान वर न करता म्हणाली. "तेपण तुमच्यासारखंच हात धरून शिकवतात. सोडतच नव्हते."