गिव्ह इनचा अर्थ

शिरूरच्या एसटी स्टँडसमोर जालिंदरचं झेरॉक्सचं दुकान होतं. दोन हजार एक सालच्या जानेवारीत एका दुपारी ललिता तिथं आली, तेव्हा तिच्या एका हातात दाखल्यांची फाईल होती आणि दुसऱ्या हातात शिरूरमधल्या मामांच्या पत्त्यावर आलेलं पाकीट. फाईल काउंटरवर ठेवून तिनं पाकीट फोडलं, वाचलं आणि फाईल परत ओढून घेतली.

"राहू द्या झेरॉक्स."

मशीनपाशी उभा असलेला तरुण वळला. "का हो?"

"शिक्रापूरच्या कंपनीत स्टोअर क्लार्कची मुलाखत होती. बंद केलीय त्यांनी."

तिचा आवाज साधाच होता, पण ओठ घट्ट मिटले होते. त्यानं पत्र मागून घेतलं आणि उजेडात धरलं.

"बंद कुठं केलीय? पुट ऑफ लिहिलंय. पुढं ढकललीय, एकोणीस तारखेला आहे."

"पुट ऑफ म्हणजे बंदच ना? दिवा बंद करतो तसं..."

"दिव्याला टर्न ऑफ. मुलाखत रद्द केली असती, तर कॉल ऑफ लिहिलं असतं." तो हसला. "नुसतं ऑफ बघून घाबरायचं नाही. आधीचा शब्द बघायचा."

ललितानं पत्र परत घेतलं, तीनदा वाचलं. मग फाईल त्याच्यापुढं सरकवली. "काढा. दोन-दोन प्रती."

तो धम्मदीप. जालिंदरचा मित्र, दुपारी दुकान सांभाळायचा. इंग्रजीचं एम.ए. बाहेरून करत होता, रेल्वेची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होता. प्रती काढता काढता म्हणाला, "मुलाखत इंग्रजीत असंल. आठ दिवस आहेत. चारला गिऱ्हाईक नसतं... या वाटल्यास."

ती तळेगाव ढमढेऱ्याहून रोज चारला येऊ लागली. शिकवणी काउंटरवरच चालायची. टर्न अप शिकवताना त्यानं रेडिओ मोठा केला, टर्न डाऊनला बारीक केला. मग म्हणाला, "पण माणूस टर्न अप झाला म्हणजे आला, आणि माणसाला टर्न डाऊन केलं म्हणजे नाही म्हटलं."

"रेडिओचं बरं असतं," ललिता म्हणाली.

चौथ्या दिवशी लुकची पाळी आली. लुक फॉर म्हणजे शोधणं, लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं, लुक ॲट म्हणजे बघणं. ती मान खाली घालून लिहीत होती. लिहून झालं तरी पुढचा शब्द येईना. तिनं वर पाहिलं.

"आणि आता तुम्ही करताय ते कुठलं?"

धम्मदीपचे कान लाल झाले. "ते... लुक ॲटच."

"बरं. लिहिलंय मी."

मुलाखतीत साहेबानं विचारलं, माल रन आउट झाला तर काय कराल? ललिताला माल पळून गेल्यासारखं काही वाटलं नाही. माल संपला की काय करायचं, ते तिनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत नीट सांगितलं. नोकरी मिळाली. ती सुरेखा नावाच्या मैत्रिणीबरोबर शिक्रापुरात खोली घेऊन राहू लागली. सराव सुटू नये म्हणून तिनं आणि धम्मदीपनं एकमेकांना इंग्रजीत पत्रं लिहायची ठरवली. तो तिच्या चुका लाल शाईनं दुरुस्त करून पत्र परत पाठवायचा. खाली मात्र निळ्या शाईत मराठीची एक ओळ असायची – 'जेवण वेळेवर करता ना?'

जुलैत तळेगावला तिला बघायला पाहुणे आले. मुलगा पुण्यात नोकरीला, घर चांगलं. मामा, मामी, आत्या सगळे हो म्हणून बसले. ललितानं चहा दिला, समोर बसली आणि सरळ नाही म्हणाली. घरात मोठा गोंधळ झाला. तिचे वडील चांगदेव तेवढे शांतपणे म्हणाले, "तिचं न्हाई हाय ना, मग न्हाई."

खोलीवर आल्यावर तिनं धम्मदीपला पत्र लिहिलं. सगळे होकार देत होते, असं लिहून पुढं लिहिलं, 'देन आय गेव्ह इन. नाऊ एव्हरीथिंग इज फिनिश्ड.'

त्या पत्राचं उत्तर आलं नाही. ना लाल शाई, ना निळी. महिना गेला, दुसरा गेला. ललितानं मनाशी धरलं, की आपण स्थळ का नाकारलं ते त्याला कळलं आणि त्यानं तोंड फिरवलं. ती शिरूरला जायचीच बंद झाली.

ऑक्टोबरात बऱ्याच दिवसांनी शिरूरला मामांकडं जाताना जालिंदर रस्त्यात भेटला.

"काय हो, लग्न कवा झालं? आमाला पत्रिकाबी न्हाई?"

"कुणाचं लग्न?"

"तुमचंच की! धम्मदीपनं सांगितलं, तुम्ही पसंती दिली म्हणून. तो रेल्वेत लागला, ट्रेनिंग उरकून आता दौंडला हाय. तिकिटाच्या खिडकीवर."

ललिता मामांकडं गेलीच नाही. स्टँडवर दौंडची एसटी लागली होती, तीत बसली.

स्टेशनवर तीन खिडक्या होत्या. मधल्या खिडकीत तो दिसला – थोडा वाळलेला, निळा शर्ट घातलेला. ती रांगेत उभी राहिली. नंबर आला तेव्हा तो खाली बघतच म्हणाला, "कुठलं?"

"गेव्ह इन म्हणजे काय हो?"

त्यानं मान वर केली. "म्हणजे... लोकांच्या आग्रहापुढं नमणं. तुम्हीच लिहिलं होतं."

"मला उत्तर दिलं म्हणायचं होतं. फॅक्टरीत स्लिपा गिव्ह इन करतात, जमा करतात, तसं. मी नाही म्हणाले त्यांना."

"नाही?"

"नाही! आणि तुम्ही एकदा विचारलंही नाही."

"विचारून काय... तुमचं सुख मोडायचं?"

मागून एक म्हातारा म्हणाला, "अवं ताई, गाडी आली की. उरका!"

ललितानं काचेजवळ तोंड नेलं. "इंग्रजीत परत चुकायला नको. मला तुमच्याशी लग्न करायचंय. तुमचं काय ते सांगा, म्हणजे ह्या आबांना तिकीट मिळंल."

धम्मदीपचे कान पार लाल झाले होते. "मी... झेरॉक्स काढल्या त्या दिवसापासून तेच म्हणतोय. मनात." मग भानावर येऊन म्हणाला, "दोनला सुटी होते. थांबाल?"

"थांबते."

"रविवारी आईला घेऊन तळेगावला येतो. वडील काय म्हणतील?"

"ते मी बघते. तुम्ही आधी आबांचं बघा."

ती बाजूला झाली. म्हाताऱ्यानं मनमाडचं तिकीट घेतलं आणि जाताना तिच्याकडं बघून बोळकं हसू हसला. ललिता फलाटावरच्या बाकावर बसली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. तिनं पिशवीतून डबा काढला, एक भाकरी खाल्ली आणि दुसरी भाजीसकट तशीच झाकून ठेवली. घड्याळात पाऊण वाजला होता.