धुक्यातला निळा दिवा

मंगलनं खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं, की ती माफी मागणार नाही.

शिवकन्या नागरगोजेनं तिला आधी पाणी दिलं. बीडच्या बसस्थानकामागे, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत शिवकन्या खासगी तपासाचं काम करायची. पूर्वी ती विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासत असे. पुढे गाड्यांपेक्षा त्यांच्या मालकांच्या थापांतच तिला जास्त रस वाटू लागला आणि तिनं नोकरी सोडली. खिडकीजवळ पेपर वाचत बसलेले सुंदरराव हे तिचे सख्खे मामा. निवृत्तीनंतर ते तिची गाडी चालवायचे आणि प्रत्येक प्रकरणात चुकीच्या माणसावर संशय घ्यायचे.

"माफी कशाची मागायची आहे?" शिवकन्यानं विचारलं.

"न केलेल्या गुन्ह्याची. बाई असून गाडी चालवते, ह्यो खरा गुन्हा हाय माझा. त्याची तर मुळीच मागणार न्हाई."

मग तिनं सगळं सांगितलं. लिंबागणेशच्या पुढं खडकवस्ती नावाचं गाव. तिथल्या मुलींना व्हॅननं नेकनूरच्या शाळेत पोचवायचं काम मंगल करते. एसटी वेळेवर येत नाही, म्हणून मंगलची व्हॅन सुरू झाल्यावरच गावातल्या मुली आठवीच्या पुढं गेल्या. मागच्या सोमवारी सकाळी दाट धुकं होतं. समोरून तानाजीरावांची मोठी गाडी रस्त्याच्या मधोमध आली. मंगलनं व्हॅन डावीकडे दाबली. मोठी गाडी व्हॅनला घासून गेली, व्हॅन बाभळीवर आदळली आणि गावातल्या छबुबाईच्या नातीचा, प्रियदर्शनीचा, हात मोडला.

तानाजीराव म्हणजे गावचे मोठे बागायतदार आणि येत्या निवडणुकीचे उमेदवार. त्यांचं म्हणणं असं, की गाडी त्यांचा मुलगा पप्पू चालवत होता, ते स्वतः शेजारी बसले होते, आणि मंगलची व्हॅन दिवे न लावता आली. पुराव्याला त्यांनी मोबाइलवर काढलेला फोटो होता. बाभळीला टेकलेली व्हॅन, दोन्ही दिवे बंद, आतलं बटणही बंद.

"दिवे चालू हुते," मंगल म्हणाली. "किल्ली फिरवली की लाल दिवे पेटत्यात, इंजन चालू झालं की इझत्यात. त्यातला एक जरी राहिला तर मी गाडी हलवत न्हाई. अशी बाई धुक्यात दिवे लावायचं इसरंल का?"

व्हॅनमधल्या मुलींनीही तेच सांगितलं होतं. पण मुलींना काय कळतं, असं म्हणून गावच्या पंचांनी तो विषय मिटवला. आता रविवारी मारुतीच्या पारासमोर बैठक होती. मंगलनं माफी मागायची आणि व्हॅनची किल्ली पंचांकडे द्यायची, मग तानाजीराव पोलीस केस पुढे नेणार नाहीत, असं ठरलं होतं. व्हॅन बंद म्हणजे मुलींची शाळा बंद, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी तानाजीरावांना दुखवायला आईबाप तयार नव्हते.

"फोटोत तर दिवे बंदच आहेत," मंगल गेल्यावर मामा म्हणाले. "घाईत विसरली असेल बिचारी."

"अपघातानंतरच्या फोटोत बंद आहेत," शिवकन्या म्हणाली. "मधे कोणाचा तरी हात फिरला असेल. तो कोणाचा, हे बघायला जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले तेव्हाही धुकं होतंच. मांजरसुंब्याच्या अलीकडे मामांनी चारही इंडिकेटर लावले आणि गाडी टकटकत निघाली. धुक्यात सगळे असंच करतात, असं त्यांचं म्हणणं होतं. शिवकन्यानं बटण दाबून ते बंद केले. चारी लुकलुकत असले तर आपण वळणार आहोत की बिघडून उभे आहोत, हे मागच्याला कसं कळणार, असं तिनं विचारलं. गाडी बंद पडून उभी असेल तर ते लावावेत, चालत्या गाडीला डिप्पर, म्हणजे रस्त्यावर खाली पडणारा उजेड, पुरे. मामांनी आपण तीस वर्षं गाडी चालवतोय याची आठवण करून दिली आणि पुढचा रस्ता रुसून काटला.

बाभळीच्या खोडावर ओरखडा ताजा होता. शेजारच्या फडात ऊसतोड चालली होती. फड तानाजीरावांचा आणि तोडणारा आश्रुबा. अपघातानंतर पहिला धावत आलेला माणूस हाच. शिवकन्या हाक मारत बांधावर गेली, मामा गाडी तशीच सोडून तिच्यामागे गेले.

आश्रुबा कोयता खाली ठेवून बाहेर आला. रामराम घातला, आणि बोलायच्या आधी सरळ मामांच्या गाडीपाशी गेला. खिडकीतून हात घालून त्यानं दिव्यांचं बटण फिरवलं.

"बॅटरी उतरंल, आण्णा," तो म्हणाला, आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं बांधावर येऊन बसला. ट्रॅक्टर असो की कोणाची फटफटी, उभ्या गाडीचा दिवा जळताना दिसला की ऊसतोडीच्या टोळीतला कोणीही माणूस तो विझवतो. फडावर बॅटरी उतरली तर धक्का मारायला आपल्यालाच जावं लागतं, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं.

त्यानं सांगितलं, की आवाज ऐकून तो धावला. तानाजीराव आणि पप्पू दोघंही गाडीबाहेर उभे होते. त्यानं आधी मुलींना व्हॅनमधून काढलं. फोटो मालकांनी नंतर काढला.

"फोटो काढला तेव्हा दिवे बंद होते?"

"बंद हुते. पंचांनी बी तेवढंच इचारलं, मी तेवढंच सांगितलं."

गाडीत बसल्यावर मामांनी कुजबुजून सांगितलं, की हा माणूस मालकाला घाबरून खोटं बोलतोय. शिवकन्या म्हणाली, तो अगदी खरं बोलतोय.

तानाजीरावांनी त्यांचं स्वागत चांगलं केलं. काळा चष्मा लावून ते ओसरीत बसले होते. समोरच्या टेबलावर चहाच्या कपाशेजारी डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या दोन बाटल्या होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं, डॉक्टरांनी महिनाभर गाडीला हात लावू नका म्हटलंय, म्हणून पोरगा चालवतो, असं त्यांनी आपणहून सांगितलं. मामांनी सहानुभूतीनं मान हलवली.

पप्पू भिंतीला टेकून उभा होता. धुक्यात दिवे कसे होते, असं शिवकन्यानं त्याला विचारलं.

"धुक्यात अप्पर, लांबचा उजेड, लावत नसत्यात," तो खाली बघत म्हणाला. "उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. एवढं मला कळतं."

"डिप्परच हुता," तानाजीराव मधेच म्हणाले. "म्या सोता बघितलंय. मीटरच्या काट्यांच्या मधी निळा दिवा जळत हुता. निळा म्हंजी शांत उजेड, डिप्पर. लिहून घ्या."

पप्पूनं झटकन बापाकडे पाहिलं आणि मान फिरवली.

गाडी अंगणात ताडपत्रीखाली होती. विम्याचा माणूस येईपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम होता. तानाजीरावांची परवानगी घेऊन शिवकन्या डाव्या सीटवर बसली आणि तिनं पप्पूला किल्ली फिरवायला सांगितली. पुढं कोणकोणते दिवे पेटले ते वाचून दाखवा, असंही सांगितलं. बॅटरी, ऑइल, हँडब्रेक, असं त्यानं वाचलं. सवयीनं त्याचा हात बेल्टकडे गेला. बेल्ट सीटच्या पाठीमागून आणून आधीच खाचेत अडकवलेला होता. पप्पूनं तो सोडवला, तशी गाडी पीं पीं करू लागली. मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं आणि त्यानं घाईघाईनं बेल्ट होता तसा मागून अडकवून टाकला.

"दिवे तुला स्वतःला वाचता येत नव्हते का?" परतताना मामांनी विचारलं.

"नव्हते येत," शिवकन्या म्हणाली, आणि वाटेत तिला एकदम हसू आलं. मामांनी ठरवून टाकलं, की गुन्हेगार आश्रुबाच.

रविवारी दिवस मावळायच्या सुमाराला पारासमोर सगळं गाव जमलं. झालेलं नुकसान गावाला दिसावं म्हणून तानाजीरावांनी आपली चेमटलेली गाडी, विम्याच्या माणसाची वाट न बघता, मुद्दाम आणवली होती. मंगलची व्हॅनही दुरुस्त होऊन बाजूला उभी होती. मंगल किल्ली मुठीत धरून उभी होती. छबुबाई प्लास्टरातल्या नातीला घेऊन पायरीवर बसली होती.

पंचांनी मंगलला बोलायला सांगितलं. तिच्याऐवजी शिवकन्या पुढं झाली आणि तिनं आश्रुबाला हाक मारली.

"आश्रुबा, परवा आमच्या गाडीचे दिवे तुम्ही न सांगता बंद केलेत. त्या दिवशी मुलींना बाहेर काढल्यावर मंगलताईंच्या व्हॅनचे कोणी केले?"

आश्रुबा उभा राहिला. त्यानं एकदा तानाजीरावांकडे पाहिलं. त्यांच्याच फडात त्याची टोळी होती, त्यांच्याच जागेत त्याची खोपी होती.

"मीच केले," तो म्हणाला. "चालू हुते. दोनी. बॅटरी उतरंल म्हणून बटण फिरवलं. मालकांनी फोटो त्येच्यानंतर काढला. मला कुणी इचारलंच न्हाई ओ." मग तो मंगलकडे वळला. "त्येच्यामुळं तुमच्यावर एवढं आलं, हे माझ्या ध्यानात आलं न्हाई, ताई. आज सगळ्यांसमोर सांगतो."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. तानाजीराव हसले. मजुराचं काय घेऊन बसलात, म्हणाले; दिवे असतील नसतील, आपली गाडी डिप्परवर होती, निळा दिवा आपण डोळ्यांनी पाहिला होता.

"तोच लावून बघू," शिवकन्या म्हणाली. "पप्पू, गाडीत बसा आणि वडील म्हणतात तो निळा दिवा पेटवा."

पप्पू बसला. आधी त्यानं साधे दिवे लावले. शिवकन्यानं पंचांपैकी एकाला खिडकीतून वाकून बघायला सांगितलं. निळं काही नाही, असं ते म्हणाले. पप्पूनं थोडा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवला, मग दांडी पुढं ढकलली. समोर बसलेल्या माणसांनी एकदम डोळ्यांवर हात धरले.

"आता पेटला निळा," पंच म्हणाले.

"निळा दिवा डिप्परचा नसतो. तो अप्परचा," शिवकन्या म्हणाली. "समोरच्याचे डोळे दिपतायत, सांभाळा, असं गाडी आपल्याला सांगत असते. सोमवारी धुक्यात ही गाडी अप्परवर होती. चालवणाऱ्याला समोर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नव्हतं, म्हणून ती मधोमध आली. व्हॅनचे दिवे चालू असूनही दिसले नाहीत ते त्यामुळं."

"पोरगं चुकलं आसंल," तानाजीराव म्हणाले. "वय हाय त्येचं."

"मग तुम्ही त्या दिवशी बसला होतात तिथं बसून दाखवा. डावीकडे."

ते तोऱ्यात जाऊन बसले. शिवकन्यानं विचारलं, निळा दिवा आता चालू आहे की बंद. तानाजीराव पुढं वाकले, काळा चष्मा काढला, मान तिरकी केली. या गाडीच्या मीटरचे काटे स्टिअरिंगमागं खोल खोबणीत होते.

"हितून दिसत न्हाई," ते म्हणाले.

म्हटल्यावर त्यांना कळलं.

"मलाही दिसला नव्हता," शिवकन्या म्हणाली. "म्हणून मी पप्पूला वाचायला सांगितलं. सोमवारी ज्यानं निळा दिवा पाहिला, तो उजवीकडे बसला होता. परवा मी पाहिला तेव्हा तिथला बेल्ट मागून अडकवलेला होता, गाडीनं ओरडू नये म्हणून. पप्पू उभ्या गाडीतही बेल्ट लावतो, आणि धुक्यात अप्पर लावत नसतात हेही त्याला कळतं. निळा म्हणजे डिप्पर असं समजणारा इथं एकच माणूस आहे. डॉक्टरांनी महिनाभर गाडी चालवू नका म्हणून बजावलेला."

पप्पू गाडी बंद करून खाली उतरला. "गाडी माझ्याच हातात द्या म्हटलं हुतं मी," तो बापाकडे न बघता म्हणाला. "त्यास्नी डावीकडं बसायची लाज वाटती. उद्या ठाण्यात जाऊन जबाब बदलतो."

तानाजीराव हळूच उतरले. घरात चला, बसून मिटवू, असं त्यांनी मंगलला म्हटलं.

"घरात कावून?" मंगल म्हणाली. "मला हितंच माफी मागाय लावत हुता न्हवं तुमी? मग तुमची बी हितंच. माझी ऱ्हाऊ द्या, ह्या पोरीची मागा."

त्यांनी मागितली. आवाज बारीक होता, म्हणून छबुबाईनं ऐकू आलं नाही असं सांगितलं आणि त्यांना ती पुन्हा मागावी लागली. दुसऱ्यांदा ती अगदी मागच्या रांगेपर्यंत पोचली. मामांना मनापासून आनंद झाला. आपला संशय पहिल्यापासून तानाजीवरच होता, असं ते शेजारच्या माणसाला सांगू लागले.

आश्रुबा आपला कोयता घेऊन निघाला. खोपी आजच सोडावी लागणार, हे त्याला न सांगता कळलं होतं. छबुबाईनं त्याला थांबवलं आणि आपल्या पडवीत सामान आणून टाक म्हणाली. मग नातीचा चांगला हात धरून ती व्हॅनपाशी गेली, दार उघडलं आणि पोरीला पुढच्या सीटवर बसवलं. घरापर्यंत हिच्यातच जाऊ, म्हणाली.

बाकीच्या मुली कोणी बोलवायच्या आधीच मागे चढल्या.

गडबडीत एका पंचाला बैठकीचं काम आठवलं. किल्लीचं काय करायचं, असं त्यानं हात पुढं करून विचारलं.

मंगलनं ती व्हॅनला लावली होती. पुढचे लाल दिवे पेटले, इंजिन सुरू होताच एकेक करून विझले, आणि मुलींनी ते मोठ्यानं मोजून घेतले.

"ऱ्हाऊ द्या माझ्यापाशीच," ती म्हणाली. "सकाळी शाळा हाय."