लेफ्टनंट ॲशवेलचा ऑर्डर्ली

धाकट्या बहिणीला, मोनालीला घ्यायला राजनंदिनी कॉलेजात पोचली, तर तिथलं व्याख्यान संपायलाच तयार नव्हतं. बाहेर पावसानं जोर धरला होता. ओढणीचं ओलं टोक पिळत ती सभागृहातल्या मागच्या खुर्चीवर टेकली.

समोर पडद्यावर एक जुना फोटो होता. एक गोरा अधिकारी, आणि त्याच्या शेजारी ताठ उभा असलेला मिशीवाला सावळा तरुण. खाली लिहिलं होतं – ‘लेफ्टनंट ॲशवेल आणि त्याचा नोकर, इटली, १९४४.’

हाच फोटो देवगाव रंगारीला तिच्या घरी भिंतीवर होता.

आपण कधी उठून उभ्या राहिलो, तिचं तिलाच कळलं नाही. “तो नोकर नाही,” ती म्हणाली. “तो शिपाई आहे. कडुबा त्याचं नाव. माझा पणजोबा.”

सगळ्या माना मागं वळल्या. माईकपाशी उभा असलेला तरुण – मंदार – वळून पडद्यावरच्या ओळीकडं बघू लागला. मग त्यानं लॅपटॉप जवळ ओढला, सगळ्यांदेखत ‘नोकर’ खोडून ‘शिपाई कडुबा’ लिहिलं आणि हळूच विचारलं, “आडनाव?”

तिनं आडनाव सांगितलं. भांडायच्या तयारीनं ती उभी राहिली होती, आणि तो लगेच नमला होता. त्याचाही तिला राग आला.

नंतर कँटीनमध्ये त्यानं सांगितलं, की मूळ फोटोखाली ‘ऑर्डर्ली’ असा शब्द होता. अधिकाऱ्याच्या दिमतीला दिलेला शिपाई. मराठी करताना चूक त्याची झाली होती. मंदार पडेगावचा, इतिहास शिकलेला. ॲशवेल युद्धाआधी इथल्या छावणीत होता, म्हणून त्याच्या नातवानं लंडनहून आजोबांची सर्व्हिस फाईल मागवून मंदारकडं पाठवली होती, एक लहानसं पुस्तक लिहायला. ॲशवेलला शौर्यपदक मिळालं होतं. गोळीबारात एका जखमी शिपायाला पाठीवर घेऊन त्यानं नदी ओलांडली होती म्हणे.

राजनंदिनीच्या घरी हीच गोष्ट उलटी सांगत. पाठीवर सायब होता, आणि नदी ओलांडली होती कडुबानं. गावानं कधी विश्वास ठेवला नाही. पदक सायबाला, मग पराक्रम याचा कसा? ‘थापाड्या कडुबा’ हे नाव पडलं ते पडलंच. तिचे आजोबा काकासाहेब, म्हणजे कडुबाचा मुलगा, त्या नावापायी शाळेत मारामाऱ्या करून आले होते. आजही बांधावरून भांडण झालं की कुणीतरी म्हणायचंच, ‘थापाड्याच्या घरचे ना तुम्ही.’

मंदारनं सगळं ऐकून घेतलं. “तुमचं खोटं आहे असं मी म्हणत नाही,” तो म्हणाला. “पण फाईलमध्ये तसं नाहीये.”

“म्हणजे त्यांचं लिहिलेलं खरं, आणि आमचं बोललेलं खोटं?”

“म्हणजे फाईल मी अजून पुरती वाचलेली नाही. वाचायला याल?”

ती गेली. आपण त्याला खोटं पाडायलाच जातोय, असं स्वतःला बजावत गेली. शनिवारी चिकलठाण्याची तिची कंपनी सुटली की थेट पडेगावला त्याच्या घरी. टेबलावर फाईलच्या प्रती पसरलेल्या, सैन्यातली लघुरूपं, डॉक्टरांचं किड्यामुंग्यांसारखं अक्षर... तो एकेका ओळीचा अर्थ लावायचा आणि ती प्रत्येक ओळीवर भांडायची. भांडणाच्या मधेच तिच्यासमोर बिनसाखरेचा चहा यायचा. तिला तसाच लागतो, हे तिनं कधी सांगितलं नव्हतं.

“राग आला की तुम्ही ‘नाही’चं ‘नाय’ करता,” तो एकदा म्हणाला.

“मग?”

“काही नाही... ऐकायला बरं वाटतं.”

तिनं पुढचं पान इतक्या जोरात उलटलं, की ते फाटलंच. त्या दिवशी बसमध्ये तिला स्वतःवरच चिडायला झालं, कारण तिच्या ओठांवर हसू होतं.

एका शनिवारी मंदारचं बोट एका ओळीवर थांबलं. युद्धातल्या इस्पितळाचा कागद होता. तारीख पदकाच्या प्रसंगाचीच. पलीकडच्या काठावर गोळी लागून ॲशवेलचा उजवा गुडघा फुटलेला. आणलं तेव्हा बेशुद्ध. आणणारा – त्याचा ऑर्डर्ली.

“गुडघा फुटलेला, बेशुद्ध माणूस...” ती त्या ओळीवर वाकली.

“...दुसऱ्याला पाठीवर घेऊन नदी ओलांडत नाही,” त्यानं वाक्य पुरं केलं.

तिचे डोळे भरून आले. त्याचा हात टेबलावरून तिच्या हाताजवळ आला – आणि तिथंच थांबला.

मंदारनं नातवाला कळवलं. उत्तर अगदी गोड भाषेत आलं. पुस्तक घरच्यांसाठी आहे, पदकाचा मजकूर तसाच ठेवावा, इस्पितळाचा कागद वगळावा. मंदारनं कामच सोडून दिलं आणि तिला सांगितलं नाही. कॉलेजात ऐकून आलेल्या मोनालीकडून तिला ते कळलं, तशी ती तडक त्याच्या दारात उभी राहिली. मला न विचारता हे केलंच कसं, आमच्यावर उपकार करायला कुणी सांगितलं होतं, असं बरंच काही बोलली.

आजवर एकदाही आवाज न चढवलेला मंदार त्या दिवशी भडकला. “तुमच्यासाठी नाही सोडलं. मला खोटं लिहिता येत नाही, म्हणून सोडलं. प्रत्येक गोष्ट तुमच्यावर उपकार नसते, राजनंदिनी.”

त्याला रागावलेला तिनं पहिल्यांदाच बघितलं होतं, आणि... तो तिला आवडला होता. हे फारच वाईट झालं होतं.

पुढच्या रविवारी वेरूळ, कसाबखेडा करत दोघं त्याच्या मोटारसायकलवरून देवगावला गेले. काकासाहेब लिंबाखाली बाजेवर बसले होते. मंदारनं कागद वाचून दाखवला. म्हातारा खूश होईल असं दोघांनाही वाटलं होतं. पण काकासाहेबांचा चेहरा लालबुंद झाला.

“गोऱ्याच्या कागदात निघालं, तवा माझा बाप खरा झाला व्हय?” ते म्हणाले. “मी जल्मभर सांगत व्हतो, तवा काय खोटा व्हता?”

मंदारनं मान खाली घातली. राजनंदिनीला मात्र राग आला. “आबा, यानं हातातलं काम सोडलंय या कागदापायी,” ती ताडकन म्हणाली. “त्याला नका बोलू. गावाला बोला, त्या सायबाच्या नातवाला बोला. याला नाय.”

काकासाहेबांनी नातीकडं बघितलं. मग त्या मान खाली घातलेल्या पोराकडं. आणि त्यांनी घरात हाक मारून दोन पानं जास्त वाढायला सांगितली.

जेवण झाल्यावर ते मंदारला म्हणाले, “लिवा पुस्तक. पर आधी मी सांगतो ते लिवा. तुमची फाईल मागून लावा.”

दिवस कलेपर्यंत ते सांगत राहिले. नदीचं गार पाणी, पाठीवरचं ओझं, कानाशी कण्हणारा सायब... मंदार लिहीत होता. आणि राजनंदिनी त्याचा खाली झुकलेला चेहरा बघत होती. आता लपवत नव्हती.

तो निघताना ती वेशीपर्यंत त्याच्यासोबत चालत गेली. ती राहणार होती, तो परत जाणार होता. पावसानं धुतलेल्या कपाशीचा ओला वास येत होता. तो गाडीवर बसला, पण त्यानं ती सुरू केली नाही.

“एक विचारू?” तो म्हणाला. “माझ्यावरचा राग... गेला का?”

“नाय.”

“पहिल्या दिवसापासून आहे तो.”

“तेव्हा वेगळा होता.” ती रस्त्याकडं बघत म्हणाली. “तू काम सोडलंस आणि मला सांगितलं नाहीस. अख्खा आठवडा. त्याचा राग आहे. आता निघालास, त्याचाही आहे.”

‘तुम्ही’चं ‘तू’ झालेलं दोघांनाही ऐकू आलं. मंदार गाडीवरून उतरला. या वेळी त्याचा हात थांबला नाही. तिनं तो घट्ट धरला, जवळजवळ दुखेल इतका.

“इतका राग?” त्यानं विचारलं.

“मला परक्या माणसाचा इतका राग येत नाय, मंदार.”