हरिसिंगची जागल

बसा रे. लाईन यायले अजून टाइम हाय. रातची लाईन देतो म्हणतेत अन् देतेत त्यायच्या मनानं, मोटर काय अशी तशी चालू होत नाही. पियूष, तो मोबाईल पालथा ठेव बाप्पा, माह्ये डोये दिपते त्यानं.

भुताची गोष्ट म्हणता? भूत-गित या रामधनले मालूम नाही. ओयखीच्या माणसाची सांगतो. आमच्या तांड्यातला संजय पवार, सारे ओयखता तुम्ही त्याले. अर्धी त्याच्या तोंडची, अर्धी त्याच्या काकाची, प्रेमसिंगची. माह्या पदरचं त्यात काहीच नाही. हासायचं असन तं आत्ताच हासून घ्या.

परसालचा दिवाळीचा पाडवा. अवसेच्या दुसऱ्या दिवशीची रात, चंद्राचं नाव नोतं. सकायी संजय ब्याटरी घेऊन कळंबले गेलता. तारेच्या कुंपणाले झटका देणारी मशीन असते ना, तिची ब्याटरी बसली होती अन् रानडुकरं कपाशीत घुसून राह्यली होती. पण पाडव्याले दुकान कोण उघडते? तशीच ब्याटरी गाडीवर बांधून वापस आला. मंग काय, रातची जागल आली नशिबी.

थकला होता बिचारा. एक दिवसाचा थकवा नोता तो, सालभराचा होता. त्याचा बा, हरिसिंग राठोड, पोयाच्या आगुदर गेला. त्याच्या पयले किती महिने यवतमाळच्या दवाखान्याच्या चकरा. वरून येचणीले बाया भेटत नोत्या, कापूस झाडावरच लोंबत होता.

आता पियूष इचारन, बाप राठोड अन् पोरगा पवार कसा? हरिसिंग सावत्र बाप होता त्याचा. सावत्र हे मीच म्हणून राह्यलो हो. त्या घरात तो शब्द कोणी तोंडातून काढला नाही. संजयचा जलमदाता पवार गेला तवा हे रांगत होतं. बसंतीबाईनं त्याले काखेत घेतलं अन् हरिसिंगच्या घरी आली. हरिसिंगले सोताचं लेकरू झालं नाही. शाळेत नाव टाकाच्या वक्ती मास्तर म्हणे, आता तुह्यंच नाव लाव. हरिसिंग म्हणे, "जो गेला तो बिचारा गेला. आता त्याचं नाव बी पुसून टाकू का मी?" असा माणूस. संजयची पोरगी उज्ज्वला यवतमाळले नर्सिंगले, तं हा म्हातारा एष्टीनं तिच्या होस्टेलवर भाकरी नेऊन दे. मेसचं खाऊन नात सुकली म्हणे माही! फाटकावरचा वाचमन बी त्याले दादाच म्हणे. आमच्यात आज्याले दादा म्हणतेत.

तं दिवाळीत आमच्यात धबुकार असते. गोड लापशी करायची, वरून तूप सोडायचं, अन् घरातल्या मेलेल्या माणसायची नावं घेऊन चुलीच्या इस्तवात घास टाकायचा. जेवाले बलावायचं त्यायले. सकायीच करतेत, पण त्या दिवशी कळंबची चक्कर अन् येचणी, त्यात सांज झाली. हरिसिंग गेल्यावरची पयली दिवाळी. त्याचा पयला घास.

संजय चुलीपुढं बसला, तेवढ्यात प्रेमसिंग आला. हरिसिंगचा लहान भाऊ, वावराले वावर लागून. म्हणे, "संज्या, तू पवार. पवाराच्या चुलीत पवाराचंच नाव निघते. भाऊ आमचा राठोड, त्याले मी बलावतो माह्या घरी. दोन घरून बलावलं तं जीव मधातच लोंबकयते." वाईट मनानं नाही म्हणला तो. रीत म्हणून म्हणला. पण रीत सांगाले बी टाइम पाहावा लागते ना बे!

संजयच्या आंगात भांडाचं बय नोतं. बरं म्हणला. ज्या बापाचं तोंड बी त्याले आठवत नोतं त्याचं नाव घेतलं अन् घास टाकला.

उज्ज्वला घरी आलती. ते म्हणे, "बाबा, अन् दादाचं नाव?"

बसंतीबाईनं पदर तोंडात धरला. नवऱ्याचं नाव उभ्या जिंदगीत घेतलं नाही तिनं, ते कशी घेईन? लेकीसारख्या नातीकडं पाह्यलं नुसतं. म्हंजे ज्यानं त्या घराले साऱ्यायले खाऊ घातलं, त्याले त्याच घरातून कोणी जेव म्हणलं नाही. मले तं आजही लय वाईट वाटते गड्यायहो.

पोरगी जेवली नाही. संजयनं दोन घास कसेतरी खाल्ले, घोंगडं घेतलं अन् वावरात गेला. मचानावर चढून बसला. बाजूच्या वावरात प्रेमसिंग त्याच्या मचानावर. जागलीची पद्धत तुम्हाले मालूम हाय: एकानं आवाज द्यायचा, "जागं हाय का?" दुसऱ्यानं म्हणायचं, "जागं हाय." झोप लागू नये म्हणून. संजय लहान असताना याच मचानावर झोपून जाये, अन् त्याच्या वाटचं उत्तर हरिसिंगच दे.

पयल्या डावा प्रेमसिंगनं आवाज देला. संजयनं उत्तर देलं. दुसऱ्या डावा बी देलं. मंग डोये मिटाले लागले. हात हालेना. आयकू सारं येऊन राह्यलं होतं, पण तोंड उघडाची ताकद नोती.

"जागं हाय का...?"

संजय उठतो म्हणला. उठवेना.

अन् मचानाखालून आवाज आला.

"जागं हाय."

...

तिकडं प्रेमसिंगले बी समजलं होतं. सख्ख्या भावाचा आवाज, ओयखाले काय लागते? मंग रातभर त्यानं पुन्हा आवाज देला नाही.

पियूष, पाय वर काहून घेतले बे? बस नीट.

संजय म्हणते, भेव लागलं. लय लागलं. पण भेवाच्या खाली दुसरंच काही होतं. रडू होतं. पोयापासून रडलाच नोता तो, टाइमच भेटला नोता. अंधारात त्यानं हळूच म्हणलं,

"बा..."

खाली कोणी हाललं नाही.

"बा, म्या तुह्यं नाव नाही घेतलं."

...

"काकाच्या घरी जेवला का तू?"

...

काहीच नाही. वारा बी नाही. कपाशी उभी. मंग सिडीची खालची पायरी वाजली. एक. मंग दुसरी. थांबली. कोणीतरी दम घेऊन राह्यलं होतं. म्हाताऱ्या माणसाचा दम... आजारातला... संजयनं डोये गच्च मिटले. तिसरी पायरी...

त्याच्या मचानावर कोणीतरी बसलं. बांबू दबला. पायाशी.

संजय म्हणते, तवा म्या डोये उघडाले पायजे होते. नाही उघडले. भेवानं नाही म्हणते. उघडले तं जाईन म्हणून.

अन् झोपला तो. खरं सांगतो, झोपला! सालभरात झोपला नोता तसा.

उजाडलं तवा प्रेमसिंग खाली उभा. चेहरा पांढराफट. बांधापलीकडं त्याच्या वावरात डुकरायनं सत्यानाश केलता, त्याच्याकडं त्यानं पाह्यलं बी नाही. म्हणे, "चाल माह्या घरी." बस, एवढंच.

प्रेमसिंगची बायको भुरीबाई दारातच बसली होती. चुलीकडं जाईना. म्हणे, "चहाले इस्तो उकरला, तं... तुम्हीच पाहा."

प्रेमसिंग चुलीपुढं बसला. राख बाजूले होती. भावाच्या नावानं टाकलेला घास तसाच होता, बोटायचे ठसे बी तसेच. प्रेमसिंग म्हणे, "तीन डाव नाव घेऊन बलावलं होतं मी त्याले. आला नाही संज्या तो. माह्या घरी आलाच नाही."

संजयनं घासाले हात लावला. गार होता. वरचं तूप थिजून पांढरं झालतं, अन् खाली निखारे लालबुंद होते.