प्लॉटवरची येळवस

ज्यांना हे पटणार नाही, त्यांनी येळवसेच्या दिवशी आमच्या कॉलनीत येऊन तासभर एकटं बसून दाखवावं. मग मला खुशाल खोटारडी म्हणावं.

मागच्याच येळवसेची गोष्ट आहे. लातूर, रिंग रोडच्या बाहेरची आमची कॉलनी.

रात्र वगैरे नव्हती... चक्क दुपार होती.

मी पुनम. घरात नवरा सोमेश, सासरे शेषेराव आणि आमची सहा वर्षांची साक्षी. सासऱ्यांना मी मामा म्हणते. सोमेशला त्या दिवशी सुट्टी मिळाली नव्हती. म्हणजे घरात आम्ही तिघंच.

लातूरकरांना येळवस सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. मार्गशीर्ष अमावस्येला आमच्याकडे अख्खं शहर शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, करायची, चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे आणि भज्जी, उंडे, आंबिल पोट फुटेस्तोवर खायचं. ज्याला शेत नाही त्यालाही कुणीतरी बोलावतंच. त्या दिवशी शहरात चहा मिळायचे वांधे.

जेवणाआधी एक जण आंबिल शिंपडत शेताला फेरी मारतो. तो म्हणतो, "ओलगे, ओलगे." मागचे म्हणतात, "सालम पोलगे." आमच्या घरचा एक नियम आहे. फेरी मारणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही.

मागून उत्तर येतंय म्हणजे माणसं आहेत, असं धरून चालायचं.

आता आमचं शेत उरलं नव्हतं. चार एकर काळं रान मामांनी प्लॉटिंगवाल्याला दिलं. आजूबाजूला सगळ्यांनी दिलं होतं, मधेच एकटं रान किती दिवस टिकणार? विहीर बुजवली, बांध सपाट झाले, रस्ते आखले. शेताला कधी नाव नव्हतं, प्लॉटिंगला मात्र कमानीसकट नाव मिळालं. त्यातला एक प्लॉट आम्हाला आला आणि त्यावर आम्ही घर बांधलं. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला होता. मामांचं मन मात्र त्या घरात कधी रमलं नाही.

येळवसेला माझ्या माहेरी, औशाला जायचं ठरलं होतं. मामा अडून बसले.

"दुसऱ्याच्या बांधावर मी येळवस करणार न्हाई. आपलं रान हाय की इथं."

मी म्हटलं, मामा, रान कुठंय, सिमेंट आहे. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप केली. जुने पांडव जेसीबीखाली गेलेले. मग मामा टिकाव घेऊन निघाले आणि रिकाम्या प्लॉटांच्या कोपऱ्यातले हद्दीचे पाच दगड उपटून आणले. त्यांना आधीच चुना फासलेला होता, वर नंबर होते.

मला हसू आलं. लोकांच्या हद्दी उपटून देव केले तुम्ही, असं मी म्हटलं.

"आपल्याच हिरीच्या बांधकामाचे दगड हायती हे, पोरी. ह्यांनी निस्ते नंबर टाकले."

पूजा झाली. ऊन कलायला लागलं होतं. मामांनी आंबिलाचं बिंदगं, ते छोटं मडकं, उचललं आणि जुना बांध जिथून जायचा तिथून फेरीला निघाले. साक्षी त्यांच्या मागे उड्या मारत निघाली. उत्तर कसं द्यायचं ते तिला सकाळपासून पाठ झालं होतं.

मी कोपीपाशी पानं वाढत बसले.

"ओलगे, ओलगे."

"सालम पोलगे." साक्षीचा बारका आवाज.

दोघं घरांच्या रांगेमागे गेले. आवाज तेवढा येत होता.

मग माझ्या लक्षात आलं... बाकी कुठलाच आवाज येत नव्हता.

कुत्रं नाही. बोअरची मोटार नाही. रिंग रोडवरची एक गाडी नाही. म्हटलं, येळवस आहे, असणारच.

"ओलगे, ओलगे."

"सालम पोलगे."

या वेळी उत्तर देणारे दोन आवाज होते...

मला वाटलं, शेजारचं कुणीतरी लवकर परत आलं असेल. मी उठून पाहिलं. सगळ्या दारांना कुलपं होती.

पुढच्या हाकेला बरेच जण बोलले. बाया, माणसं, म्हातारी माणसं. आणि त्या सगळ्यांत साक्षीचा आवाज मला सापडेना. ओल्या मातीचा वास यायला लागला. डिसेंबरात, पावसाचा पत्ता नसताना. 

मामा दुसऱ्या बाजूने आले. बिंदगं रिकामं. चेहऱ्यावर असं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं. नियमाप्रमाणे ते मागे वळून बघत नव्हते.

त्यांच्या मागे कुणीही नव्हतं.

मी विचारलं, साक्षी कुठंय?

"मागं हाय की. आत्ता तर बोलली."

आणि तेवढ्यात... मामांच्या अगदी पाठीमागून, रिकाम्या जागेतून माझ्या पोरीचा आवाज आला.

"सालम पोलगे."

मामा वळले. त्यांच्या हातातून बिंदगं पडलं.

मी धावत सुटले. साक्षी, साक्षी म्हणून ओरडत होते. प्रत्येक हाकेला उत्तर येत होतं, पण प्रत्येक वेळी वेगळ्या घरातून. कुलूप लावलेल्या घरातून.

"सालम पोलगे."

कोपऱ्यावर एक दोन मजली घर आहे. तिथली माणसं सकाळीच निलंग्याला गेली होती. गेटला बाहेरून कुलूप. आत पोर्चमध्ये साक्षीची एक चप्पल पडलेली दिसली. तिच्याभोवतीच्या टाइल्स ओल्या होत्या.

आणि त्या टाइल्सच्या खालून... रहाट फिरल्याचा करकर आवाज येत होता.

मामा धापा टाकत माझ्या मागे आले. आवाज ऐकला आणि गेटला धरून खालीच बसले.

"आपली हीर इथंच हुती. हद्द मोडली म्या, पुनम. रानाला वाटलं, आपण परत आलो."

मला पुढचं काही ऐकायचं नव्हतं. मी त्यांना ओढत कोपीकडे आणलं. दगड जिथले तिथे ठेवायचे, एवढंच सुचलं. मी उचलायची, मामा खड्डा दाखवायचे. पहिला बसला आणि आवाज थोडे कमी झाले. दुसरा, तिसरा, चौथा. माझी बोटं सोलून निघाली होती.

पाचवा दगड मामांनी छातीशी धरला. सोडेचनात.

"समदे आल्यात, ऐक की," ते म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "माझी माय बोलायलीय. हे ठिवलं की जातील गं."

मला त्यांची दया आली. रागही आला. माझं लेकरू सापडत नव्हतं.

मी दगड त्यांच्या हातातून हिसकावला आणि खड्ड्यात घातला.

सगळं शांत झालं.

मग लांबवर कुत्रं भुंकलं. रिंग रोडवर हॉर्न वाजला. आणि त्या दोन मजली घराच्या कोपऱ्यावरून साक्षी चालत आली. एका पायात चप्पल. केसांतून पाणी निथळत होतं. मुठीत हरभऱ्याचा डहाळा होता, हिरवागार, मुळाला काळी माती लागलेली.

आमच्या कॉलनीच्या आसपास आता कुठेही हरभरा नाही.

मी तिला घट्ट धरलं, कुठे गेली होतीस म्हणून विचारलं.

"शेतात. लई माणसं जेवायली होती, मम्मी. तुम्हीच न्हाई आला."

सोमेशला सगळं सांगितलं. साक्षीने चप्पल गेटवरून आत फेकली असेल, टाकीखाली भिजली असेल, असं काय काय त्याने सांगून पाहिलं. पण मग तो डहाळा हातात घेतला, मुळाची काळी माती बोटांत चोळून पाहिली. रात्री त्याने स्वतःच तो बाहेर नेऊन टाकला. कुठे, ते मी विचारलं नाही.

 या वर्षी येळवसेला आम्ही औशाला जाणार आहोत. मामाही हो म्हणालेत. मला वाटलं, संपलं.

पण परवा संध्याकाळी मी आणि मामा स्वयंपाकघरात चहा पीत बसलो होतो. साक्षी आतल्या खोलीत चित्र काढत होती. बाहेरून, रिकाम्या प्लॉटच्या बाजूने हाक आली...

"ओलगे, ओलगे."

आवाज मामांचा होता.

मामा माझ्यासमोर बसले होते.  ओठ मिटलेले होते.

आणि आतल्या खोलीतून साक्षीने उत्तर दिलं.