बोयापर्यंतचा दोर

ते मोबाइल खाली ठेवा रे. आणि तू, दाराला पाठ लावून बसलायस तो, जरा आत सरक. काही नाही, वारा येतो म्हणून म्हटलं.

उद्या सकाळी तुम्ही पोरं पहिल्यांदा जीवरक्षक म्हणून ड्यूटीवर उभी राहणार. परीक्षेत पास झालात, नवीन टी-शर्ट मिळाले, स्वारी खूश आहे. असू द्या. माझं आख्खं आयुष्य या किनाऱ्यावर शिट्टी फुंकण्यात गेलं, तेव्हा म्हाताऱ्याची एक गोष्ट ऐका आणि मग झोपा. ऐकीव नाही हां. ज्याच्या बाबतीत घडली तो याच बाकावर माझ्या शेजारी बसून डबा खायचा. आम्ही त्याला लंगर म्हणायचो, म्हणजे होडीचा नांगर. धिप्पाड गडी. पाय रोवून उभा राहिला की चौघांनी ढकलला तरी जागचा हलायचा नाही.

त्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली चाकांवरचं रीळ आहे, बघितलंत ना? त्याच्या दोराच्या टोकाला पट्टा असतो. पोहणारा पट्टा कमरेला बांधून पाण्यात जातो आणि काठावरचा माणूस दोर सोडत राहतो. लाटांच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून सगळं बोलणं दोरातून. दोन झटके म्हणजे सोड. तीन झटके म्हणजे ओढ. एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं कळेल.

तर गेल्या वर्षीची फेब्रुवारीची शेवटची रात्र. गुरुवार होता. तुम्ही म्हणाल अमावास्या असणार! तसलं काही नाही. चंद्राची कोर होती, ती जेवणाच्या वेळेलाच मावळली होती. ओहोटी लागली होती. लंगर जेवून हात धुतोय तोवर बायकोने विचारलं, "अहो, डबा कुठाय?"

डबा राहिला होता इथे, चौकीत.

"डोकं धडाला चिकटलेलं आहे म्हणून बरं," ती म्हणाली, "नाहीतर तेही तिथेच ठेवून आला असतात. उद्याची भाकरी काय ओंजळीत देऊ?"

पण रागावली नव्हती ती, हसत होती. कारण दुसऱ्या दिवशी लंगर नोकरीत कायम होणार होता. कितीतरी वर्षं कंत्राटावर काढलेली, दर वेळी मुदत संपत आली की साहेबांच्या दारात खेटे. घरात एक लेकरू, दुसऱ्याची चाहूल लागलेली. चौकीच्या साहेबांनी स्वतः सांगितलं होतं, उद्या ये, सही कर. तेव्हा बायकोला डब्यात काहीतरी चांगलं द्यायचं होतं. लंगरने सायकल काढली.

खरं तर अंधार पडल्यावर इकडे यायचं तो टाळायचा. का, तेही सांगतो.

त्याचा एक जोडीदार होता. बगळा. काटकुळा, लांबच लांब हातपाय, पण पाण्यात पडला की बघत राहावं. बगळा पोहायचा, लंगर दोर धरायचा. भावा-भावांत नसते अशी जोडी. आमचा जुना दोर लांब होता. मग किनाऱ्याचं नवं कंत्राट आलं. नव्या कंपनीने सांगितलं, आपली हद्द पाण्यात तरंगणाऱ्या त्या लाल बोयापर्यंत. विमा बोयापर्यंत, म्हणून दोरही बोयापर्यंतच. नवा दोर तेवढाच कापून आणला. समुद्राला कुणी विचारलं नाही.

त्या रात्रीच्या आधीच्याच डिसेंबरातल्या एका सकाळी एक माणूस बोयाच्या पलीकडे वाहत गेला. बगळा पट्टा बांधून झेपावला. बोयापाशी गेला आणि दोर संपला. बुडणारा तिथून थोडाच पुढे होता, डोकं दिसत होतं त्याचं. दोरातून दोन झटके आले. सोड! सोडायला होतं काय? साहेब लंगरच्या मागे उभे. म्हणाले, "हद्दीबाहेर आपली जबाबदारी नाही. ओढ त्याला मागे." पुन्हा दोन झटके. साहेब ओरडले, "ओढ म्हणतो ना! नोकरी नकोय का?"

लंगरने ओढलं.

पट्टा आला. रिकामा. बगळ्याने बकल काढून टाकलं होतं आणि तसाच पुढे गेला होता. दोघांपैकी कुणीच परत आलं नाही. बगळा तर सापडलासुद्धा नाही.

साहेबांना शिव्या देऊ नका. माणूस वाईट नव्हता, त्याच्या डोक्यावरही साहेब होते. कंपनी म्हणाली, पट्टा त्याने आपणहून सोडला, आमचा काही संबंध नाही. लंगर बगळ्याच्या आईकडे गेला. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. तिने एवढंच विचारलं, "किती लांब होता रे तो माणूस?"

"थोडाच, मावशी."

"मग दोर थोडा कमी पडला म्हणायचा."

हे वाक्य लंगरच्या काळजात रुतून बसलं ते बसलंच. रात्री झोपेत त्याच्या मुठी वळायच्या, बायको सांगायची. वर कंपनीने नवा नियम काढला. ड्यूटी संपल्यावर पाण्यात उतरला किंवा रिळाला हात लावला, तर घरी. रिळाला साखळी आणि कुलूप लागलं. किल्ली साहेबांकडे.

तर त्या रात्री लंगर इथे आला. दिवा लावला. डबा या बाकाखाली होता, तो उचलला. दिवा बंद करतोय... तेवढ्यात पाण्यातून आवाज आला.

"कुणी आहे का?"

बाईचा आवाज. दमलेला.

लंगर धावत पाण्यापर्यंत गेला. काळोख. पुन्हा आवाज आला, आता आणखी लांबून. ओहोटी तिला बाहेर नेत होती. त्याने साहेबांना फोन लावला. साहेब झोपेत होते. म्हणाले, "पोलिसांना कळव. तू पाण्यात जायचं नाही. रिळाला हात लावायचा नाही. अरे, उद्या तुझी सही आहे, वेड्यासारखं करू नकोस."

पोलिसांना फोन केला. ते म्हणाले, निघतो. गावातून यायला अर्धा तास.

अर्धा तास! अर्ध्या तासाने काय मिळतं, ते उद्या-परवा तुम्हीच बघाल.

आणि खरं सांगू? एकट्याने पाण्यात उतरू नये, हा नियम खोटा नाही. एकाला वाचवायला गेले आणि दोन गेले, हे या डोळ्यांनी पाहिलंय. लंगर दोरवाला. समुद्रातलं त्याचं पोहणं बेताचंच. तो उभा राहिला. एका बाजूला बायको, लेकरं, उद्याची सही. दुसऱ्या बाजूला तो आवाज. त्याला रडू फुटलं. मोठ्याने रडला तो, मला स्वतः सांगितलं त्याने.

मग चौकीत आला, झेंडे ठोकायचा हातोडा उचलला आणि कुलूप फोडलं.

रीळ ओढत पाण्याच्या कडेला नेलं. पट्टा हातात घेतला. आणि मग त्याच्या लक्षात आलं... दोर आहे, पण जाणारा कुठाय? आपण गेलो तर आपल्याला ओढणार कोण? त्याने पट्टा ओल्या वाळूवर ठेवला, तोंडाभोवती हात धरले आणि ओरडला, "बाई! तरंगत राहा! हात मारू नका!"

उत्तर आलं नाही.

मागे रीळ कुरकुरलं.

त्याने वळून पाहिलं. रीळ फिरत होतं. पट्टा वाळूवर नव्हता. दोर पाण्यात चालला होता... आपोआप.

लाटेने नेला असेल, असं वाटलं त्याला. पण लाट असा दोर नेत नाही. सर्र, सर्र... थांबायचा. सर्र, सर्र... थांबायचा. दोन हात झपाझप आणि मग एक श्वास.

चालीवरून माणूस ओळखतो ना आपण, तसं दोरवाल्याला दोरावरून पोहणारा कळतो.

लंगरच्या अंगावर काटा आला.

"बगळ्या...?"

सर्र, सर्र. थांबला.

रिळाचा तळ दिसला. दोर संपला. ताठ झाला. बोया.

दोन झटके.

सोड.

"संपला रे," लंगर म्हणाला. "संपला दोर. काय करू?"

दोन झटके.

तेच. त्या सकाळचेच.

पळून जावं, असं वाटलं त्याला. हा मला न्यायला आलाय. मी ओढलं होतं याला, आता हा मला ओढणार. पण मग त्याला म्हातारी आठवली, भिंतीला टेकलेली. त्याने रिळावरची टोकाची गाठ सोडली. टोक डाव्या मनगटाला गुंडाळलं. आणि पाण्यात शिरला.

गुडघे.

कंबर.

छाती.

दोन झटके.

"येतोय..."

पाणी हनुवटीला लागलं. खाली वाळू सरकत होती. याच्यापुढे पाय टेकणार नव्हते. दोर ताठच. आणि दोन झटके. लंगरने डोळे मिटले. म्हणाला, "बगळ्या, घरी लेकरू आहे रे माझं."

झटके थांबले.

...

मग त्याच्या उजव्या मुठीतून दोर सरकायला लागला.

ऐकताय ना? टोक डाव्या मनगटाला बांधलेलं. लंगर जागचा हलला नव्हता. सोडायला दोर उरला नव्हता. आणि तरी मुठीतून दोर जात होता. सर्र, सर्र... थांब. सर्र, सर्र... थांब. तळहात सोलून निघाला. बराच वेळ जात राहिला.

थांबला.

काही नाही. फक्त पाणी.

काहीच नाही...

तीन झटके.

लंगरने ओढलं. त्या दिवशी ओढलं होतं साहेबांच्या हुकमाने, आज ओढलं जिवाच्या आकांताने. मागे मागे जात, पडत, उठत, दोर ओढत वाळूवर आला. टोकाला बाई होती. पट्टा तिच्या काखेखाली बांधलेला, बकल नीट लावलेलं. पालथी केली तशी खोकली, पाणी ओकली. जिवंत!

श्वास लागल्या लागल्या तिने लंगरचा हात धरला.

"दादा, तो तुमचा माणूस?"

लंगर पाण्याकडे बघायला लागला.

"त्यानेच पट्टा बांधला मला. हात गार होते हो त्याचे, बर्फासारखे. म्हणाला, घाबरू नका, काठावर आमचा लंगर आहे. दादा, तो अजून पाण्यातच आहे! त्याला ओढा ना!"

लंगरने पट्टा परत पाण्यात भिरकावला. दोर हातात धरून उभा राहिला. पोलीस आले, बाईला घेऊन गेले. त्यालाही चल म्हणाले, तो हलला नाही. पहाटे मी चौकी उघडायला आलो तेव्हाही उभाच होता, सोललेल्या हातात दोर धरून, तीन झटक्यांची वाट बघत.

ते आले नाहीत.

नोकरी गेली त्याची, त्याच दिवशी. नियम म्हणजे नियम. आता बाजारात पोती उचलतो. दुसरी मुलगी झाली. झोप लागते म्हणाला, मुठी वळत नाहीत.

त्या पहाटे इथून तो घरी नाही गेला. ओल्या अंगानेच बगळ्याच्या आईच्या दारात जाऊन उभा राहिला. तिने दार उघडलं. लंगर म्हणाला, "मावशी, दोर पुरला."

म्हातारीने आतून टॉवेल आणला आणि त्याचं डोकं पुसत बसली.

आता झोपा. काय रे? पुढे काय, म्हणून काय विचारतोस?

बरं, तेवढंही सांगतो. साहेब सकाळी आले, म्हणाले, कुणी बघायच्या आत दोर गुंडाळून ठेवा. मी आणि ड्यूटीवरच्या एका पोराने गुंडाळला. मावला नाही. पुन्हा काढून घट्ट गुंडाळला. तरी नाही. साहेब म्हणाले, ओला आहे, फुगला असेल. उन्हात वाळवला. नाही. शेवटी मी बोटवाल्याला तो पाण्यात नेऊन बघायला सांगितलं. पाण्याच्या कडेपासून निघालेला दोर बोया ओलांडून थेट तिथवर गेला, जिथे त्या सकाळी त्या माणसाचं डोकं दिसत होतं. आख्खा दोर मी बोटांनी चाचपलाय. कुठे गाठ नाही, जोड नाही. साहेब म्हणाले, जास्तीचा कापून टाका. सुरी समोर ठेवली होती. कुणी उचलली नाही. साहेबांनीही नाही.

विश्वास नसेल तर ती ताडपत्री जरा वर करून बघा. तिच्याखालून जमिनीवर आलेलं ते पांढरं दिसतंय ना...

तेच. शेवटचे वेढे. रिळावर मावत नाहीत.